उभा सौदा

हे मी लिहावं की नाही, याचा बराच विचार केला. लिहिणारी माणसं वेगळी असतात अशी माझी समजूत आहे, आणि ती अजून गेलेली नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. घरात पुस्तकं होती ती माझीच, शाळेतून मिळालेली. वर्ष संपलं की माय त्यांच्या पानांत जिरं-मोहरीच्या पुड्या बांधून ठेवायची. मोठी वाक्यं मला जमत नाहीत. निबंध तपासताना आमचे सर म्हणायचे, "सरळ लिहितोस, पण मधेच थांबतोस." इथेही कुठे थांबलो तर वाचणाऱ्यांनी राग मानू नये. चुकीचं काही लिहिलं गेलं तर तोही माझाच कमीपणा समजावा.

यात कुणाचं नाव नाही. ज्या बाईची ही हकीकत माझ्यापेक्षा जास्त आहे, तिला विचारूनच लिहितो आहे. ती म्हणाली, "लिहा ना. पन नावं कायले पायजे? ज्याले माहीत हाय त्याले माहीत हाय." म्हणून नावं गाळली.

ती बाई म्हणजे माझी वहिनी.

आमचं गाव झरी जामणी तालुक्यात, जंगलाला लागून. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, वणीच्या जुन्या कापूस मंडीत एका दलालाकडे कामाला होता. कापसाची गाडी आली की तिच्यावर चढायचं, खोल हात घालून नमुना काढायचा आणि तो त्या दलालापुढे, म्हणजे शेठजींपुढे, धरायचा, हे त्याचं काम. वरवर चांगला कापूस रचून आत ओला भरलेला असेल तर त्याला हात घालताच कळायचं. महिन्यातून एकदा घरी यायचा तेव्हा त्याच्या कानामागे, भुवईत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. वहिनी ओसरीवर बसून ते काढायची आणि तो डोळे मिटून बसायचा.

मग ती कापसाची वाईट वर्षं आली. भाव पडले, अळीनं बोंडं पोखरली, राहिलेला व्यापार गावाबाहेरच्या नव्या आवारात गेला. जुन्या मंडीतल्या जिनिंगा, म्हणजे कापसातून सरकी काढायचे कारखाने, एकेक करून बंद झाल्या. त्यांची यंत्रं काही भंगारात गेली, काही पैनगंगेपलीकडे आंध्रात विकली गेली. त्याच सुमाराला दादा घरी यायचा थांबला. आधी आम्हाला वाटलं काम असेल. मग वाटलं रागावला असेल. माय एकदा वणीला जाऊन आली, तर दादा जिथे राहायचा त्या जिनिंगच्या फाटकाला कुलूप होतं आणि कुलपावर गंज चढला होता. त्यानंतर काय वाटून घ्यायचं ते कुणालाच कळेना. घरात त्याच्याबद्दल बोलणं कमी होत गेलं. पण ताट वाढताना मायचा हात अजूनही एका जास्तीच्या भाकरीकडे जायचा.

वहिनीला मूल नव्हतं. ती माहेरी गेली नाही, आमच्याकडेच राहिली. मोहफुलं वेचायची, तेंदूपानं तोडायची, रोजीनं निंदायला जायची. माझ्या होस्टेलच्या खर्चाचा बराचसा भाग तिच्या त्या रोजीतून यायचा, हे मला माहीत होतं आणि ती कधी बोलून दाखवत नव्हती.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा मारेगावकडचा एक माणूस तिला मागणी घालायला आला. त्याची बायको वारलेली, लेकरं लहान. साधा माणूस होता. टोपी हातात घेऊन मायपुढे बसला आणि म्हणाला, "बाई, तुमचा पोरगा मेला असंल तं पाट लावू. जिता असंल तं पंचांपुढं काडीमोड करू. मले दोन्ही चालते. पन दोन्हीतलं एक सांगा. उद्या तो दारात येऊन ठाकला तं मी कोन?"

काडीमोड म्हणजे नवरा-बायकोनं पंचांसमोर एका काडीची दोन टोकं धरायची आणि ती मोडायची. काडी मोडली की लग्न मोडलं. मेलेल्या माणसासाठी काडी लागत नाही, विधवेचं दुसरं लग्न, म्हणजे पाट, सरळ लागतो; काडी जित्यासाठी लागते. मायला यातलं काहीच करता येत नव्हतं. पाटाला हो म्हणावं तर पोरगा मेला असं आपल्याच तोंडानं म्हटल्यासारखं, आणि काडीमोड म्हणावं तर काडीचं दुसरं टोक धरायला तो कुठे होता?

"तू शिकलेला हायेस," माय मला म्हणाली. "तुले लोक सांगतील. जा आन विचारून ये."

दादाचा फोटो आमच्याकडे नव्हता. वहिनीनं पेटी उघडून त्याचा शर्ट काढला, निळ्या चौकड्यांचा. "हा घालून जा भाऊजी," ती म्हणाली. "तुमचं तोंड तसंच हाय. कोनी तरी वळखील."

मी तो शर्ट होस्टेलवर नेला आणि पुढच्या सुट्टीला यवतमाळहून एस.टी.नं वणीला निघालो. मारेगाव मागे पडलं तसे रस्त्यावर कोळशाचे ट्रक दिसू लागले. झाडांची पानं काळी होती. वणी मी आधी पाहिलं होतं, पण स्टँड आणि त्याच्या आजूबाजूचं तेवढंच. जुनी मंडी कुठे आहे असं एका पानवाल्याला विचारलं तर तो माझ्याकडे पाहत राहिला. "तिथं काय हाय आता? कबुतरं," तो म्हणाला, आणि हातानं दिशा दाखवली.

दगडी कमानीतून आत गेलो. मला वाटलं होतं की पडझड झालेली असेल. तसं नव्हतं, आणि त्यामुळेच जास्त चमत्कारिक वाटलं. सगळं जागच्या जागी होतं. दोन्ही बाजूंना पेढ्या, त्यांना सागवानी खांब, वरच्या मजल्यावर नक्षीच्या कठड्याच्या गॅलऱ्या. पेढ्यांपुढे कापूस उतरवायचे घडीव दगडाचे ओटे. ओट्यांना बैल बांधायच्या लोखंडी कड्या, त्या आतल्या बाजूनं दोरानं घासून गुळगुळीत झालेल्या. मधल्या चौकात बैलांना पाणी पाजायचा लांब हौद, आणि त्याच्याशेजारी वजनाचा काटा लटकवायची तिवई. काटा नव्हता, तिवई होती. पाट्यांवरची नावं उडाली होती, पण 'रुई व सरकीचे व्यापारी' एवढं कुठे कुठे वाचता येत होतं. सगळ्या गल्लीत दोनच दुकानं उघडी दिसली, एक ताडपत्र्यांचं आणि एक ट्रकचे कमानपाटे ठोकणाऱ्याचं.

आणि रुई होती. कोपऱ्यांत, कठड्यांच्या नक्षीत, विजेच्या तारांवर, कोळ्याच्या जाळ्यांत. कापूस येणं थांबून इतके दिवस झाले तरी ती तिथून गेली नव्हती. फक्त पांढरी राहिली नव्हती. खाणीच्या धुळीनं काळवंडली होती. वारा आला की जाळ्यांतून हलायची आणि वाटायचं, वर कुणीतरी बसलं आहे आणि श्वास घेतं आहे.

मी चालत होतो तेव्हा ताडपत्रीवाल्यानं मला पाहून ओळखीच्या माणसाला करतात तसा हात वर केला. मीही केला. मग त्यानं नीट पाहिलं आणि हात खाली घेतला. पुढे एका दारात एक म्हातारी तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. मी पुढे गेल्यावरही ते परत वाजल्याचं ऐकू आलं नाही. चौकाजवळ मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, कवा आला?" मी वळलो. एक माणूस हसत, भराभर माझ्याकडे येत होता. चेहरा जवळून दिसला तसं त्याचं हसू गेलं. तो शेजारच्या बोळात शिरला. मी मागे गेलो, पण बोळ रिकामा होता.

शर्टाची कल्पना वहिनीची होती आणि ती बरोबर होती, लोक ओळखत होते. पण तिथे चालताना मला पहिल्यांदाच वाटलं की मी दादाला शोधायला आलेलो नाही, दादाच या गल्लीतून चालतो आहे आणि मी कुठेतरी राहून गेलो आहे.

चौकाच्या टोकाला चहाचं हॉटेल होतं. पाटी नव्हती. नंतर कळलं की सगळे त्याला दलालांचं हॉटेल म्हणत. आत संगमरवरी फरशीची टेबलं, पिवळी पडलेली, काहींना तडे गेलेले. भिंतीवर पारा उडालेला मोठा आरसा. आणि प्रत्येक टेबलाशेजारी भिंतीत एक खिळा, खिळ्याला एक रुमाल. पंच्यासारखे मोठे, पांढरे, धुतलेले. मला वाटलं हात पुसायला असतील, म्हणून मी एकाला हात लावणार होतो.

"अं हं!" कोपऱ्यातून आवाज आला. बिडी ओढत एक म्हातारा बसला होता. त्यानं मला पाहिलं आणि बिडी तोंडाशी नेता नेता थांबला. मग आत पाहून ओरडला, "चाचा! बाहेर या. पाहा कोन आलं. आधी पाय पाहा त्याचे, सुलटे हायेत का."

हॉटेलवाले चाचा भट्टीमागून बाहेर आले. उंच, वाकलेले, पांढरी दाढी, कमरेला लुंगी. त्यांनी खरंच माझ्या पायांकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे.

"तू वो नहीं है," ते म्हणाले.

"मी त्याचा लहान भाऊ."

"आणि शर्ट?"

"त्याचाच."

"उतार दे बेटा, नाहीतर वरून काही घाल. या गल्लीत असे फिरणारे आधीच कमी नाहीत."

बिडीवाले आजोबा मंडीतले मापारी होते, सगळं आयुष्य काट्यापाशी गेलेले. ते हसून म्हणाले, "राहू द्या चाचा, पोरगा कॉलेजातला दिसते. पेन हाय खिशाले. पन बटनं पाह्य त्याची, एक वर एक खाली. काय शिकवते बाप्पा तुमाले तिथं?"

मी बटणं नीट केली. चाचांनी चहा आणून ठेवला, कपबशीत. मी बराच वेळ शब्द जुळवले आणि शेवटी सरळ विचारलं की दादा कुठे आहे, जिवंत आहे का. मागणी घालणाऱ्या माणसाचं आणि काडीचंही सांगितलं.

"जिता हाय ना," मापारी लगेच म्हणाले. "मी पाह्यला त्याले. मुकुटबनच्या बाजारात. टोपी होती डोक्यावर."

"झूठ मत बोल," चाचा म्हणाले. "टोपी घालतच नव्हता तो."

"मंग त्याच्यासारखा असंल कोनी."

"तुला दर महिन्याला कुणीतरी त्याच्यासारखा दिसतो. मागच्या खेपेला तुझी मेलेली म्हैस दिसली होती चंद्रपूरच्या गाडीत."

"ते म्हैस माहीच होती," मापारी म्हणाले. "शिंगावरून वळखली मी. तुमी चाय करा."

चाचा माझ्यासमोर बसले. म्हणाले, "बेटा, तुझा भाऊ इथून गेला तेव्हा मी एका लग्नाला हैदराबादला होतो. परत आलो तर तो नव्हता, जिनिंगही बंद. जाताना तो भेटला असेल तर त्याच्या शेठजींना. ते रोज येतात. येतील आता. पण त्यांची वाचा गेली. लकवा मारला. डावं अंग गेलं, जबान गेली. लिहिणंही होत नाही. उजवा हात राहिला."

"मग सांगणार कसे?"

चाचांनी भिंतीवरच्या रुमालाकडे पाहिलं आणि मला त्या रुमालांचा अर्थ सांगितला. मंडीत भाव तोंडानं बोलत नसत. घेणाऱ्याचा दलाल आणि देणाऱ्याचा दलाल समोरासमोर बसायचे, हातावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली बोटांनी बोलायचे. बोट धरलं की एक, मूठ धरली की पाच. तळव्यावर आडवी रेघ ओढली की सौदा मोडला. मनगट धरलं की पक्का. बाजूला बसलेल्याला काही कळायचं नाही. चाचा स्वतः देणाऱ्यांच्या बाजूचे दलाल होते, शेठजी घेणाऱ्यांच्या बाजूचे. दोघांनी याच टेबलांवर जन्मभर एकमेकांचे हात धरले होते. "माझ्या बीवीचा हात मी इतका धरला नसेल," चाचा म्हणाले, आणि मापारी खोकेपर्यंत हसले.

"अजून धरतात," मापारी मला म्हणाले. "रोज. माल नाही, गाडी नाही, तरी रुमाल टाकते अन् बसते दोघं. काय बोलते कोनास ठाऊक."

सौद्यांची घंटा पूर्वी ज्या वेळेला व्हायची त्याच वेळेला शेठजी आले. काठी टेकत, एक पाय ओढत. काळी टोपी, स्वच्छ धोतर. त्यांनी हॉटेलभर नजर फिरवली, बाजार किती भरला आहे ते पाहावं तशी. मापारी म्हणाले, "या शेठ! आज कोनता माल उतरला? कोळसाच दिसते." शेठजींचा एक डोळा हसला. मग तो डोळा माझ्यावर आला आणि हसणं थांबलं.

चाचांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा पाजला, ओघळलेला पुसला. मग खिळ्यावरचा रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "शेठ, हा त्याचा भाऊ. घरचे विचारतात. तो जिता आहे की गेला? जिता असेल तर मनगट धरा. गेला असेल तर रेघ ओढा." आणि त्यांनी आपला हात पुढे केला.

शेठजींनी तो हात बाजूला सारला. आपला हात टेबलावरून सरकवत माझ्यापुढे आणला.

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी हात दिला आणि चाचांनी आमच्या हातांवर रुमाल टाकला.

त्या हाताबद्दल मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही. कोरडा होता आणि वाटला होता त्यापेक्षा गरम. मी वाट पाहत होतो, मनगटाकडे सरकतो का, तळव्यावर अंगठा फिरतो का. माझी सगळी अक्कल त्या एका हातात गोळा झाली होती. हात हलला नाही. त्यानं माझा हात फक्त धरला होता. शेठजींची नजर शर्टाच्या चौकड्यांवर होती. मापारींची बिडी विझली आणि त्यांनी ती पुन्हा पेटवली नाही. आरशात मला आम्ही सगळे धूसर दिसत होतो, आणि त्यात निळ्या शर्टातला माणूस मी आहे हे मला आठवावं लागलं.

"मनगट धरलं?" चाचांनी हळूच विचारलं.

"नाही."

"रेघ?"

"नाही."

"बोट दाबलं एखादं?"

"नाही. नुसता धरला आहे."

चाचांनी रुमालाची वर आलेली कडा नीट केली. "मग उभा," ते म्हणाले. "सौदा मोडतही नाही, ठरतही नाही, तेव्हा असाच हात धरून ठेवायचा. त्याला उभा सौदा म्हणतात. गाडी उभी, सौदा उभा. उद्या पाहू."

"म्हणजे त्यांना माहीत नाही? की माहीत आहे आणि सांगायचं नाही?" मी विचारलं. "की त्यांनी नुसताच हात धरला, दादा समजून?"

"ते मला कसं कळणार बेटा? रुमालाखालचं तिसऱ्याला कळत नाही. त्यासाठीच तर रुमाल."

मी निघायला उठलो तरी शेठजींनी हात सोडला नाही. चाचांना त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. मी गावाचा पत्ता, शेजारच्या दुकानातल्या फोनचा नंबर, सगळं चाचांना सांगितलं. ते म्हणाले, पैनगंगेपलीकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांना विचारत राहीन. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत मी मागे पाहिलं नाही. कुणी हाक मारली असती तर मी थांबलो नसतो.

घरी पोचलो तर माय दारातच होती. मी सगळं क्रमानं सांगायचं ठरवलं होतं, पण तिनं तेवढा वेळ दिला नाही.

"काय म्हनले शेठ?"

"त्यांना बोलता येत नाही माय. हातानं सांगितलं. उभा म्हणून."

"उभा हाय?" मायचा चेहरा पालटला. "उभा हाय ना? मंग जिता हाय! उभा हाय म्हंजे धडधाकट हाय." ती आत गेली आणि शेजारणीला भिंतीवरून सांगू लागली, पोरगा उभा आहे, हातपाय शाबूत आहेत, शेठनं स्वतः सांगितलं.

मी तिच्या मागे जाऊन समजावलं. सौदा उभा, माणूस नाही. मंडीची बोली आहे. माय म्हणाली, "तू पुस्तकातलं नको सांगू मले. उभा म्हंजे उभा."

वहिनी चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माय बाहेर गेल्यावर तिनं विचारलं, "भाऊजी, दाबला नाई ना हात?"

"नाही."

"नुसता धरला."

"हो."

तिनं शर्ट परत मागितला. दुसऱ्या दिवशी धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकला. वाऱ्यानं त्याच्या बाह्या फुगल्या. रानातून येणाऱ्या मायनं तो लांबून पाहिला आणि डोक्यावरची मोळी टाकून धावत आली. अंगणात पोचल्यावर ती दोरीपाशी थांबली, शर्टाला हात लावला, आणि मोळी आणायला परत गेली.

मारेगावच्या माणसाला मायनं 'उभा' एवढंच कळवलं. तो म्हणाला, "बरं बाई. मी थांबतो. पन माही लेकरं थांबत नाईत, मोठी होऊन राह्यली." ते त्यानं रागानं म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते वहिनीला जास्त लागलं असावं. पहाटे उठायची, कामाला जायची, यायची. मारेगावकडची एस.टी. फाट्यावर थांबते तिथून निंदणीच्या शेताला जवळची वाट होती. ती लांबच्या वाटेनं जायची.

मी होस्टेलवर परत आलो. अभ्यास करायचो. पण पुस्तक धरलेल्या हाताला अधूनमधून ती ऊब जाणवायची, आणि मी पान उलटायचं विसरायचो. बाजारात, स्टँडवर, गर्दीत निळ्या चौकड्या दिसल्या की पाय आपोआप त्या माणसामागे जायचे. दोनदा मी अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. शेठजी वारल्याचं पावसाळ्यात कळलं, वणीहून आलेल्या एका मुलाकडून. आता सांगणारं कुणी उरलं नाही, असं तेव्हा मला वाटलं.

उन्हाळ्यात, परीक्षा संपत आली होती तेव्हा, होस्टेलच्या फाटकावरून निरोप आला की कुणी बाई आली आहे. वहिनी होती. ती यवतमाळला कधीच आली नव्हती. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली पिशवी पोटाशी धरून उभी होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींकडे पाहत होती. मला वाटलं मायला काही झालं.

"माय बरी हाय," ती आधी म्हणाली. "बसा."

आम्ही झाडाच्या पारावर बसलो. मी पाणी आणलं, ते तिनं सगळं प्यायलं.

"चाचा आलते," ती म्हणाली. "हाटेलवाले. सोता आलते घरी, एस.टी.नं. ओसरीवर बसले."

"काय म्हणाले?"

"तुमचा दादा गेलता त्यायच्याकडं. सरकीच्या ट्रकवर बसून, पलीकडून. तिकडं जिनिंगात हाय तो. मशिनी गेल्या तवा त्यायच्यासंगं गेला. शेठचं विचारलं त्यानं, चाचानं सांगितलं गेले म्हून. मंग आमचं सांगितलं. तुमी गेलते ते, शर्टाचं, मारेगावचं, सगळं. त्यानं खाली मान घालून ऐकलं. तिकडं घर हाय त्याचं. बायको हाय. दोन लेकरं हायेत." हे ती निंदणीचं काम सांगावं तशा आवाजात सांगत होती. "चाचाले म्हने, घरी सांगा, मी मेलो. मेलो म्हनून सांगा, म्हंजे ते मोकळी होते."

मी पाण्याचं भांडं उचललं, ते रिकामं होतं.

"तेच सांगाले निघालते चाचा. म्हने, मुकुटबनपर्यंत मनात पक्कं होतं. मेला म्हून सांगतो अन् परत जातो. पन मायनं पानी देल्लं, अन् ते काई बोलायच्या आधीच तिनं विचारलं, तो दिसला काय तुमाले? जेवून-खाऊन बरा हाय ना? मंग चाचाच्यानं नाई झालं. खरं ते सांगून टाकलं. रडले बिचारे."

"आणि माय?"

"मायनं आयकलं. चाचाले चहा करून पाजला, फाट्यावर नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोताच पंचायले बोलवून आनलं." वहिनीनं पदरानं मानेवरचा घाम पुसला. "मारेगावले निरोप गेला. सोमवारी न्याले येते ते लोक. तुमी या, म्हून सांगाले आली मी. दुसऱ्याच्या तोंडून नाई कळाले पायजे तुमाले."

"पण काडीचं?" मी विचारलं. "दादा नव्हता ना."

"एक टोक मी धरलं. दुसरं धराले कोनी पुढं होईना. मंग मायनं धरलं." तिनं पिशवी मांडीवर नीट ठेवली. "ओली होती काडी, आत्ताच तोडून आनलेली. नुसती वाकेच. दोघीनं जोर लावला, तवा मोडली."